अंगणाला डांबर मारायचंय? आधी कोणतं ते विचारा

काळं आणि चिकट असलं की आपल्याकडे ते डांबरच, आणि फसगत इथूनच सुरू होते. रस्त्यावर पडतं ते बिटुमेन. खनिज तेल शुद्ध करताना ते तळाशी उरतं. दुसरं कोलतार, दगडी कोळशापासून कोक बनवताना निघणारं. डांबरी आवारावर मारायचे लेप दोन्हींचे असतात आणि वाळल्यावर सारखेच काळेभोर दिसतात.

खरा फरक पीएएच या घातक संयुगांचा आहे. बिटुमेनच्या लेपात ती किलोमागे साधारण ५० मिलिग्रॅम असतात, तर कोलतारच्या लेपात सुमारे हजारपट, म्हणजे किलोमागे ५० ग्रॅमच्या आसपास. कोलतार पिच (कोलतार उकळून उरणारा घट्ट भाग, लेपात हाच असतो) माणसात कर्करोग घडवतं, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलं आहे.

कोलतारची बाजूही सांगतो. डिझेल-पेट्रोल सांडलं तरी ते टिकतं. बिटुमेन मात्र डिझेलने विरघळतं. म्हणून कापसाच्या जिनिंगच्या आवारात ट्रक उभे राहतात तिथे ठेकेदार कोलतारच सुचवेल. पण टायरखाली झिजून त्याची भुकटी होते. ती चपलांना लागून घरात येते, वाऱ्यावर वाळवणात पडते. अमेरिकेत ऑस्टिन शहरात पाहणी झाली तेव्हा कोलतार मारलेल्या पार्किंगलगतच्या घरांच्या धुळीत पीएएच इतर घरांच्या २५ पट निघालं. रांगतं बाळ हात तोंडात घालतं, त्या घरात हा आकडा मला फार भीतीदायक वाटतो. ऑस्टिनने २००६ पासून हा लेप बंद केला. मिनेसोटा राज्याने २०१४ पासून.

लेपाचा दर विचारताना पुढचा खर्च कुणी मोजत नाही. लेप काही वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. झिजलेला भाग पावसात नाल्यात जातो. पीएएच पाण्यात फारसं विरघळत नाही, गाळाला चिकटून राहतं. म्हणजे नाल्यातून गिरणा, वाघूर, तापीच्या गाळात. आपण बंधाऱ्यांतला गाळ काढून शेतात पसरतो, हे लक्षात घ्या.

म्हणून माझं मत असं: गाड्या थोड्या असतील तर बिटुमेन इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ बिटुमेन) घ्या. घरासमोर बिबडे, कुरडया वाळत घालत असाल तर काळा लेप नकोच. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे काळी जमीन आणखी तापवून काय करायचं? पेव्हर ब्लॉकला सुरुवातीला पैसे जास्त लागतात, पण फटींतून पाणी मुरतं, एखादा फुटला तर तेवढाच बदलता येतो आणि लेपाचा खर्च कायमचा सुटतो. शहाबादी फरशीही चालेल, फक्त तिच्यावर जड वाहन नको.

आवारावर आधीच कुठला लेप आहे हे कळत नसेल, तर तुकडा खरवडून काचेच्या बाटलीत मिनरल टर्पेंटाइनमध्ये अर्धा तास ठेवा. द्रव काळ्या कॉफीसारखा झाला तर बिटुमेन. कोऱ्या चहासारखा पिवळसर-तपकिरी राहिला आणि तुकडा तसाच दिसला, तर बहुधा कोलतार. नवा माल घेताना ड्रम उघडून वास घ्या. डांबरगोळीसारखा असेल तर ड्रम परत पाठवा.