गाडी बसली: नवा कंप्रेसर, किट, जुना माल की सरळ कॉइल?

सकाळी सात वाजता वॉचमनकाकांचा इंटरकॉम. "ताई, तुमची गाडी एका बाजूनं बसलीय." बेसमेंटमध्ये जाऊन बघितलं. पुढच्या डाव्या चाकावर मडगार्ड इतकं खाली आलं होतं की टायर आणि कमानीच्या मधे जेमतेम एक बोट जाईल. उजवीकडे चार बोटं आरामात. चावी फिरवली तर मिक्सरमध्ये खडे पडल्यासारखा आवाज, दोनेक मिनिटांत गाडी सरळ आणि आवाज बंद. म्हटलं, झालं नीट. आठवडाभर रोज हेच चाललं. आठव्या दिवशी आवाजही नाही आणि गाडी उठलीही नाही.

गाडी जर्मन, सात सीटर, २०१३ ची, सेकंडहँड घेतलेली. एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी राहणारी, आणि ती हवा भरतो कंप्रेसर. बाणेरपासून नाना पेठेपर्यंत ज्याला विचारलं तो एकच म्हणाला, "कंप्रेसर गेला." एकमत तिथंच संपलं. शोरूमचं कोटेशन १,७२,००० रुपये. बाहेर, मूळ पुरवठादाराचा नवा कंप्रेसर बसवून ६८,०००. चायना माल २६,०००. कुर्ल्याहून आणलेला जुना, २२,०००. आहे तोच उघडून किट, म्हणजे आतल्या झिजणाऱ्या भागांचा नवा संच, टाकायचं तर ९,०००. आणि एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, "हे सगळं काढून टाका ताई, कॉइल स्प्रिंग बसवू, ८५ हजारांत आयुष्यभराची कटकट संपेल." हे आकडे आमच्या गाडीचे आणि त्या वेळचे. तुमचे वेगळे असतील.

पण या सहांतून निवड करण्याआधी एक काम आहे, आणि ते बहुतेक जण करत नाहीत.

आधी गेलंय काय ते बघा

मी भोसरी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, दिवसभर हवेच्या लाइनींशीच गाठ. कंप्रेसर सारखा चालतोय अशी तक्रार आली की आम्ही कंप्रेसरकडे सगळ्यात शेवटी जातो. आधी गळती शोधतो. घरच्या गाडीच्या बाबतीत मात्र मीही आठवडाभर ढिम्म बसले, ते सोडा.

गाडीतली रचना अशी: चाकांवर स्प्रिंगच्या जागी रबराचे फुगे, गॅरेजात त्यांना बलून म्हणतात. बारा व्होल्टवर चालणारा छोटा पिस्टनचा कंप्रेसर, त्यालाच जोडलेला, हवेतलं पाणी शोषणारा ड्रायर, पुढे व्हॉल्व्ह ब्लॉक आणि तिथून प्रत्येक चाकाकडे जाणारी बारीक नळी. काही गाड्यांत हवेची टाकीही असते. एसटीची शिवनेरी थांब्यावर लागली की फुस्स करते, तत्त्व तेच. फरक एवढाच की बसचा कंप्रेसर इंजिनवर फिरतो आणि दिवसभर राबायलाच बनलेला असतो. गाडीतला बिचारा काही मिनिटं चालून थांबण्यासाठी आहे. फार तापला की कंट्रोल युनिट त्याला बंद करतं. म्हणून मेलेला वाटणारा कंप्रेसर कधी कधी अर्ध्या तासानं आपोआप उठतो आणि तुम्ही गॅरेजात पोचेपर्यंत ठणठणीत असतो.

आता फुग्याला बारीक चीर पडली की हवा रोज थोडी जाते आणि कंप्रेसर रोज ती भरतो. पिस्टनची रिंग झिजते. रिंग झिजली की दाब उशिरा चढतो, म्हणजे तो आणखी जास्त वेळ चालतो आणि आणखी तापतो. शेवटी मोटर जळते. त्या दिवशी सगळे कंप्रेसरकडे बोट दाखवतात. चीर तशीच ठेवून पावणेदोन लाखांचा नवा बसवलात, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. नवाही त्याच वाटेनं जाणार.

म्हणून पहिलं हत्यार शिंप्याची टेप. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचं अंतर चारही बाजूंना रात्री मोजा, सकाळी परत मोजा. जागा सपाट हवी, बेसमेंटचा उतार चालणार नाही. एकच कोपरा उतरला तर त्या कोपऱ्याचा फुगा, नळी किंवा व्हॉल्व्ह. पुढच्या दोन्ही बाजू सारख्या उतरल्या तर संशय व्हॉल्व्ह ब्लॉकवर. रात्रभर मिलिमीटरही हलली नाही पण सुरू केल्यावर वर उचलायला सांगितलं तर ढिम्म, असं असेल तरच कंप्रेसर, रिले (कंप्रेसरची वीज चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूजकडे वळा.

यात एक खोच आहे. काही गाड्या, लँड रोव्हर त्यातलीच, बंद असतानाही मधूनमधून जाग्या होतात आणि जो कोपरा खाली गेलाय त्याच्या बरोबरीला बाकीचे तीन आणून ठेवतात. सकाळी चारही कोपरे सारखे खाली दिसतात आणि खरा चोर सापडत नाही. अशा गाडीचा सस्पेन्शनचा फ्यूज रात्री काढून ठेवायचा आणि मग मोजायचं.

कोपरा कळला की साबणाचं पाणी. नळीच्या जोडावर आणि फुग्याचं रबर खाली जिथं दुमडतं तिथं. चिरा बहुतेक त्या घडीतच असतात आणि गाडी पूर्ण उंचीवर असेल तरच दिसतात. पण हे काम रॅम्पवर किंवा पक्क्या स्टँडवरच करायचं. हवेवर उभ्या गाडीखाली हात घालू नका. व्हॉल्व्ह सुटला की दोन टनांचं धूड क्षणात खाली येतं.

आमच्या मिस्त्रींनी साबण लावला तेव्हा डाव्या फुग्याच्या घडीत मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक येत राहिले. मग कंप्रेसरच्या तोंडाला गेज लावून पाहिलं (रिले बदलल्यावर तो परत चालू लागला होता). सुई सात बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास चढली आणि तिथंच थरथरत राहिली. या कंप्रेसरांची ताकद पंधरा बारच्या वरची असते. म्हणजे आजार तीन: फुगा फाटलेला, रिंग झिजलेली, रिले जळालेला. यातलं एकही काम बाकीची दोन सोडून करण्यात अर्थ नव्हता.

रिलेबद्दल वेगळं सांगते

छोटासा काळा डबा, किंमत बाकीच्या हिशेबात चिल्लर. कंप्रेसर जास्त करंट ओढू लागला की याचे कॉन्टॅक्ट जळतात, नाहीतर एकमेकांना चिकटतात. जळाले तर कंप्रेसर मुका. चिकटले तर चावी काढल्यावरही तो घरघरत राहतो, सकाळी बॅटरी झोपलेली आणि मोटर भाजलेली. पुढे जो पर्याय घ्याल तो घ्या, रिले नवाच टाका. कोटेशनमध्ये रिलेची ओळ नसेल तर ते कोटेशन अर्धवट आहे.

नवा घ्यायचा तर कुठला

शोरूम आणि बाहेरचा, या दोन आकड्यांत लाखाचा फरक आहे, पण माल बऱ्याचदा एकाच कारखान्यातला. कार कंपन्या हे कंप्रेसर स्वतः बनवत नाहीत. मर्सिडीजच्या बऱ्याच मॉडेल्सना आणि ऑडीच्या पहिल्या क्यू७ ला वॅबकोचा येतो. २०२० पासून ही कंपनी झेडएफच्या मालकीची आहे. तोच तुकडा कार कंपनीच्या लोगोच्या डब्यात आला की भाव वाढतो. शोरूममध्ये जास्तीचे पैसे जातात ते वॉरंटीला, कंपनीच्या स्कॅनरला आणि एसी लाउंजमधल्या कॉफीला. गाडी अजून एक्स्टेंडेड वॉरंटीत असेल तर विचारच करू नका, शोरूम गाठा. वॉरंटी संपली असेल तर मला तरी तो लाखाचा फरक पटत नाही.

बाहेर घेताना जुन्या कंप्रेसरवरचा पार्ट नंबर आणि नव्यावरचा जुळवा, नुसत्या "याच गाडीचा आहे" वर जाऊ नका. लँड रोव्हरच्या डिस्कव्हरी ३ चं उदाहरण घ्या. सुरुवातीला तिला हिताचीचा कंप्रेसर होता, नंतर एएमकेचा आला. हिताचीच्या जागी एएमके बसतो, पण कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर अपडेट करावं लागतं. ते न करणारा मिस्त्री भेटला तर नवाकोरा कंप्रेसर बसवूनही डॅशबोर्डवर सस्पेन्शनच्या बिघाडाचा तोच पिवळा दिवा.

२६ हजारांचा चायना? दिसायला तंतोतंत. आत ड्रायरमध्ये दाणे किती आणि कसले भरलेत ते कुणालाच माहीत नसतं, आणि पुण्यात हा मुद्दा मोठा आहे. जून ते सप्टेंबर इथली हवा ओलीचिंब. ती दाबली की पाणी सुटतं. ड्रायरमधली सिलिका जेल ते शोषते आणि गाडी खाली येताना बाहेर जाणारी कोरडी हवा ते पाणी परत घेऊन जाते. दाणे हलके असले की त्यांची पांढरी भुकटी होते आणि थेट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये शिरते. मग बिघाड कंप्रेसरपुरता राहत नाही. वर्षभरात गाडी विकायचीच असेल तर चायना समजू शकते. ठेवायची असेल तर नको.

जुन्या मालाबद्दल फार लिहीत नाही. कुर्ल्याच्या बाजारातून दरवाजा, सीट, हेडलाइट जरूर आणा. कंप्रेसर ही झिजणारी वस्तू आहे. ज्या गाडीतून तो निघाला तिचे फुगेही आपल्यासारखेच गळके असणार.

किट: कधी शहाणपण, कधी पैसे पाण्यात

इथं मात्र थांबून बघण्यासारखं आहे. नऊ हजारांत पिस्टनची नवी रिंग, ओ-रिंगा, फिल्टर, ड्रायरचे नवे दाणे आणि दिवसभराची मजुरी. काम अवघड नाही, पण स्वच्छ टेबल आणि शांत माणूस लागतो. भोसरीत मी ते समोर बसून करून घेतलं. हेड उघडल्यावर पिस्टनवर तपकिरी पीठ, तीच झिजलेली रिंग. मिस्त्रींनी सिलिंडरमध्ये टॉर्च मारला आणि नख फिरवलं. "बघा ताई, नखाला लागतंय का काही?" लागलं नाही. आतली भिंत आरशासारखी होती. उभ्या रेघा असत्या आणि नख अडकलं असतं तर किट टाकण्यात अर्थ नव्हता, नवी रिंग त्या रेघांवर चार-सहा महिन्यांत झिजली असती.

दुसरी तपासणी मोटरची. कार्बन ब्रश किती उरलेत, आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) काळं पडलंय का, जळका वास येतो का. मोटर भाजली असेल तर किट विसरा, कारण किटमध्ये मोटरचं काही येत नाही. तिसरी ड्रायरची: दाणे सुटे आणि कडक असतील तर ठीक. चिखल किंवा भुकटी झाली असेल तर नळ्या फुंकून आणि व्हॉल्व्ह ब्लॉक तपासून घ्यायचा, तो खर्च वेगळा धरा.

म्हणजे किटचा निर्णय फोनवर होत नाही. उघडल्याशिवाय "किट टाकून देतो" किंवा "किट चालणारच नाही" म्हणणारा, दोघंही अंदाजपंचे बोलतायत. उघडून बघण्याची मजुरी द्या आणि समोर उभे राहा.

कॉइल

हा पर्याय मोहात पाडतो हे कबूल. पण गाडी बदलते. मागे तीन माणसं आणि डिकीभर सामान घेऊन कोकणात निघालात की शेपूट खाली, कारण आता कुणी हवा भरून ती सरळ करणार नाही. हायवेला वेगात गाडी आपोआप थोडी खाली बसते, ते गेलं. आणि पुण्यात ज्यासाठी मी ही गाडी घेतली, ते सोसायटीतल्या गतिरोधकांच्या नावाखाली बांधलेल्या भिंतींवरून बटण दाबून उंच होऊन जाणं, तेही गेलं. कंट्रोल युनिटला फसवावं लागतं, नाहीतर दिवा कायमचा लागून राहतो. शॉकअपचं गणितही मूळ हवेच्या स्प्रिंगशी जुळवलेलं असतं, ते कॉइलशी जुळेलच असं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, तेव्हा काम करण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा.

तरीही कुणासाठी? चारही फुगे, व्हॉल्व्ह ब्लॉक आणि कंप्रेसर एकदम गेलेत, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेलाय आणि गाडी मुख्यतः शहरातच फिरते, तर कॉइल करा. नुसता कंप्रेसर गेला म्हणून कॉइल करणं म्हणजे नळ गळतो म्हणून बोअर मारणं.

मी काय केलं

डावा फुगा स्ट्रटसकट (म्हणजे शॉकअपसकट) नवा, रिले नवा, कंप्रेसरला किट. उजवा फुगा कोरडा होता, मिस्त्री म्हणाले "जोडीनं बदला", मी थांबले. तो पुढच्या मे महिन्यात गेला. जोडीनंच बदलायला हवा होता, मजुरी दोनदा गेली.

किट टाकून दोन पावसाळे झाले. आता आवाज परत वाढलाय, उचलायला वेळ लागतो, पण टेपचं माप रात्री आणि सकाळी तेच येतं. म्हणजे गळती नाही, कंप्रेसरच थकलाय. गाडी अजून चार वर्षं तरी ठेवायची आहे. त्यामुळे या वेळी परत किट नाही. मूळ पुरवठादाराचा नवा सांगितलाय, जीएसटी बिलासकट. तो आला की गणपतीआधी बसवून घेते.