दुरुस्ती न केलेली मैफल: डीप पर्पलचा ‘मेड इन जपान’

प्रत्यक्ष कार्यक्रमात ध्वनिमुद्रित झालेल्या रॉक अल्बमांमध्ये डीप पर्पल या इंग्लिश बँडचा ‘मेड इन जपान’ मी सर्वांत वर ठेवतो. रॉक ऐकायला सुरुवात करू इच्छिणाऱ्या मराठवाड्यातल्या श्रोत्याने पहिला अल्बम कोणता घ्यावा, असे मला विचारले तर माझे उत्तर हेच असते. स्टुडिओत घासूनपुसून तयार केलेल्या रॉकशी आपल्याकडच्या कानांची ओळख व्हायला वेळ लागतो. उलट इथे पाच वादक-गायक एकमेकांचे ऐकत, समोरच्या श्रोत्यांचा अंदाज घेत गाणे वाढवत नेतात आणि ही रीत आपल्याला उपजतच ठाऊक असते.

१९७२ च्या ऑगस्टमध्ये बँड प्रथमच जपानला गेला, तेव्हा तिथल्या रेकॉर्ड कंपनीने कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण करण्याचा आग्रह धरला. बँडचा त्यात फारसा जीव नव्हता आणि हा अल्बम जपानपुरताच राहील अशी त्यांची समजूत होती. १५ आणि १६ ऑगस्टला ओसाका आणि १७ ऑगस्टला टोकियोचे बुडोकान सभागृह अशा तीन रात्री आठ ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित झाल्या. ध्वनिमुद्रणाची जबाबदारी मार्टिन बर्च या त्यांच्या नेहमीच्या अभियंत्याकडे होती. सगळा खर्च सुमारे ३,००० डॉलर झाला, जो तेव्हाच्या हिशेबानेही किरकोळच होता. पुढे मिक्सिंगला, म्हणजे वेगवेगळ्या ट्रॅकवरचे आवाज जुळवण्याच्या कामाला, बँडपैकी फक्त बासवादक रॉजर ग्लोव्हर आणि ड्रमवादक इयन पेस हजर राहिले. डिसेंबर १९७२ मध्ये इंग्लंडात हा दोन तबकड्यांचा दुहेरी अल्बम निघाला तेव्हा ज्याची कोणी वाट पाहिली नव्हती, तेच त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत टिकाऊ काम ठरले.

यात नंतर स्टुडिओत बसून काहीही भरलेले नाही, असे बँडने वारंवार सांगितले आहे आणि माझ्या लेखी अल्बमचे मोल ठरवणारी गोष्ट हीच आहे. थिन लिझीचा १९७८ चा ‘लाइव्ह अँड डेंजरस’ मला अतिशय आवडतो, पण त्यातला किती भाग मंचावरचा आणि किती स्टुडिओतला याबद्दल निर्माता आणि बँड यांची विधाने एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ऐकताना ती शंका मनाच्या कोपऱ्यात राहतेच. द हूचा ‘लाइव्ह अॅट लीड्स’ (१९७०) जोशाच्या बाबतीत ‘मेड इन जपान’च्या तोडीस तोड आहे, परंतु मूळ तबकडीवर सहाच गाणी असल्यामुळे मैफलीचा पूर्ण पल्ला त्यातून कळत नाही. लेड झेपेलिन हा स्टुडिओतला थोर बँड. त्यांचा १९७६ साली निघालेला कार्यक्रमाचा अल्बम मात्र मला नेहमीच थकलेला वाटला आहे. खरी स्पर्धा आहे ती ऑलमन ब्रदर्सच्या १९७१ मधल्या, न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहातल्या अल्बमशी. तिथला विस्तार अधिक शांत आणि अधिक प्रगल्भ आहे, हे मी मान्य करतो. पण मला अंगावर येणारे संगीत हवे असते, म्हणून माझे मत डीप पर्पललाच.

अल्बमचा गाभा माझ्या मते तिसऱ्या बाजूवर, ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’मध्ये आहे. १९७१ च्या सुरुवातीला एकेरी तबकडी म्हणून निघालेले हे गाणे मूळचे जेमतेम चार मिनिटांचे आणि तसे साधेच. ओसाकाला ते दहा मिनिटांच्या आसपास जाते आणि मधल्या भागात गायक इयन गिलन आणि गिटारवादक रिची ब्लॅकमोर समोरासमोर येतात. ब्लॅकमोर एक छोटी स्वरावली टाकतो, गिलन ती गळ्यातून जशीच्या तशी परत करतो. मग ब्लॅकमोर ती किंचित वाकडी करतो, वर चढवतो, मध्येच तोडतो, आणि गिलन तिथेही पोहोचतो. ढोलकीफडात सवाल-जवाब रंगतो तेव्हा पुढचा सवाल अवघड असणार हे सर्वांना माहीत असते आणि तरीही सगळा मंडप कान टवकारून बसतो, तसेच हे आहे. तार दाबून-ओढून काढलेला गिटारचा स्वर माणसाच्या गळ्याने पकडणे ही मोठी अवघड गोष्ट आहे, कारण तिथे स्वर एका जागी उभा राहतच नाही. गिलन त्याची मींड सुद्धा सोडत नाही. अखेरीस तो जी लांब किंकाळी घेतो, ती कितीही वेळा ऐकली तरी तिच्यामागे दमसासाचा किती मोठा रियाझ असेल या विचाराने मी थक्क होतो. याच दोघांचे मंचाबाहेर पटत नव्हते आणि १९७३ च्या जूनमध्ये, पुन्हा जपानमधल्याच दौऱ्यानंतर, गिलन आणि ग्लोव्हर बँड सोडून गेले. हे ठाऊक असल्यावर त्या संवादातली धार आणखी जाणवते.

‘चाइल्ड इन टाइम’कडे भारतीय श्रोत्याने मुद्दाम लक्ष द्यावे. त्याची सुरुवातीची ऑर्गनवरची धून सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्युटिफुल डे’ या बँडच्या ‘बॉम्बे कॉलिंग’ या १९६९ मधल्या रचनेवरून घेतलेली आहे आणि गिलनने हे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. (त्या बँडनेही डीप पर्पलची एक धून आपल्या दुसऱ्या अल्बमसाठी उचलली होती, त्यामुळे हिशेब चुकता झाला म्हणायचा.) गाणे कुजबुजल्यासारखे सुरू होते, शब्द लवकरच संपतात आणि उरते ती केवळ ‘आ’कारात चढत जाणारी हाक. गिलन त्या रात्री सव्वीस वर्षांचा होता, तीन दिवसांनी सत्तावीस पूर्ण करणार होता. या वयात गळ्यावर असा ताबा आणि इतका संयम दोन्ही असणे विरळाच. स्टुडिओतली १९७० ची प्रत नीटस आहे, पण शेवटच्या चढाईपूर्वी क्षणभर सगळे थांबते तेव्हा ओसाकाच्या सभागृहातली शांतताही ध्वनिमुद्रणात उतरली आहे, आणि ती स्टुडिओत मिळणे शक्य नव्हते.

जॉन लॉर्डबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण रॉक म्हटले की चर्चा गिटारपाशीच अडकते. लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन गिटारसाठी बनवलेल्या मार्शल अॅम्प्लिफायरमधून वाजवत असे. त्यामुळे एरवी चर्चमध्ये शोभणाऱ्या त्या वाद्याला खरखरीत, दाट, जवळजवळ गुरगुरणारा आवाज येतो आणि ते गिटारच्या मागे उभे न राहता तिच्या बरोबरीने बोलते. भजनात, कीर्तनात पेटी ऐकत वाढलेल्या आमच्यासारख्यांना पट्ट्यांवरून धावणाऱ्या बोटांची भाषा परकी वाटत नाही. ‘लेझी’च्या प्रारंभी लॉर्ड ऑर्गनमधून अक्षरशः यंत्रांचे आवाज काढतो, त्यातून हळूहळू ब्लूजची चाल बाहेर येते आणि मग गिटार तिला उचलून धरते. हेडफोनवर ऐकले तर एका कानाशी ऑर्गन आणि दुसऱ्या कानाशी गिटार अशी मांडणी स्पष्ट कळते; दोघांचे परस्परांना टोकणे, वाट देणे, पुन्हा अडवणे समजून घ्यायचे असेल तर निदान एकदा तरी हेडफोन लावावेतच. लॉर्ड २०१२ मध्ये गेला. त्याच्यासारखा ऑर्गनवादक रॉकमध्ये नंतर झालेला नाही, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

‘हायवे स्टार’ आणि ‘स्मोक ऑन द वॉटर’ यांवर फार लिहिण्याची गरज नाही. पहिले गाणे अल्बमचे दार धाडकन उघडते. दुसऱ्याची हकिगत सर्वांना ठाऊक आहे: ४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो येथे फ्रँक झापा या अमेरिकन संगीतकाराच्या कार्यक्रमात कोणीतरी फ्लेअर (पेटता बाण) झाडला, कॅसिनो जळाला आणि सरोवरावर पसरलेल्या धुरावर गाणे झाले. मात्र गिटार हातात घेतलेले प्रत्येक पोर जी स्वरावली सर्वप्रथम वाजवते, ती इथे ब्लॅकमोर मोडूनतोडून, चकवा देत वाजवतो, म्हणून अतिपरिचयानंतरही ही प्रत ऐकवते.

उणे काय, तेही सांगितले पाहिजे. ‘द म्यूल’ म्हणजे प्रामुख्याने पेसचे ड्रमवादन. पेस चोवीस वर्षांचा, हात विलक्षण स्वच्छ, लय पक्की. तरीही ठेक्याला धरून विस्तार करण्याऐवजी तो वेगाचे प्रदर्शन अधिक करतो, आणि तबला-पखवाजाचे एकलवादन ऐकलेल्या माणसाला त्यात समेवर येण्याचे सुख मिळत नाही. चौथी बाजू पूर्ण व्यापणारे, जवळपास वीस मिनिटांचे ‘स्पेस ट्रकिंग’ अनेकांना लांबलेले वाटते. त्यांच्याशी मी सहमत नाही. गाणे पाच मिनिटांत संपते आणि पुढे बँड आपल्या १९६८ मधल्या ‘मँड्रेक रूट’च्या वादनाकडे वळतो, मध्ये ब्लॅकमोर गिटारचा आवाज बटणाने फुलवत-मिटवत तिला व्हायोलिनसारखी बोलती करतो. धाराशिव-बीडकडे रात्रभर चालणारा गोंधळ आणि संबळाची चढती लय ज्यांनी ऐकली आहे, त्यांना वीस मिनिटे जास्त वाटण्याचे कारण नाही. फक्त अर्धवट लक्ष देऊन हे वादन ऐकू नये.

आता खरेदीविषयी. आपल्या भागात, अगदी छत्रपती संभाजीनगरातही, अशा तबकड्या किंवा सीडी दुकानात सहज हाती लागत नाहीत, मागवाव्याच लागतात. उपलब्ध आवृत्त्यांपैकी १९९८ ची दोन सीडींची रीमास्टर (मूळ ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्याने साफ केलेली) आवृत्ती मला सर्वांत योग्य वाटते. तिच्यात मूळ सात गाणी एका सीडीवर सलग मिळतात आणि कार्यक्रमाच्या शेवटी आग्रहास्तव सादर झालेली ‘ब्लॅक नाइट’, ‘स्पीड किंग’ आणि ‘लुसील’ ही तीन गाणी दुसऱ्या सीडीवर आहेत. तिन्ही रात्रींचे सगळे वादन असलेले महागडे संच अभ्यासकांसाठी ठीक आहेत; पहिल्यांदा ऐकणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये, कारण एकच गाणे तीनदा ऐकताना निवडीमागची दृष्टी हरवते. मुखपृष्ठावरचे छायाचित्र जपानमधले नसून लंडनच्या रेनबो थिएटरमधले आहे. ही एक गोष्ट मला खटकते. मोबाइलवर ऐकणार असाल तर आवाजाची पातळी सारखी करणारी सोय बंद करावी, नाहीतर ‘चाइल्ड इन टाइम’मधला कुजबुजीपासून आरोळीपर्यंतचा चढ दबल्यासारखा वाटू शकतो. गाणी एकमेकांत मिसळणारी सोयही बंद असावी. वापरलेली जुनी तबकडी मिळत असेल तर पैसे देण्यापूर्वी चौथी बाजू शेवटपर्यंत वाजवून पाहावी, कारण ‘स्पेस ट्रकिंग’चा सर्वांत मोठ्या आवाजाचा भाग तबकडीच्या मध्याजवळच्या आतल्या चरांत येतो आणि झिजलेल्या प्रतीत आवाज सर्वांत आधी तिथेच फाटतो.