संस्था नोंदवताय? आधी भांडण कुठे मांडणार ते ठरवा

चोपड्याजवळच्या एका गावातली सहा मुलं मागच्या पंधरवड्यात घरी आली होती. गावात अभ्यासिका काढायची, जमलं तर पुढे वाचनालय. ग्रामपंचायतीच्या मागे खोली मिळाली आहे. एका केळीवाल्या जिभाऊंनी पन्नास हजार कबूल केलेत, पण पावती मागितली. पावती म्हटली की संस्था आली, संस्था म्हटली की नोंदणी. एकाने सांगितलं धर्मादायला, म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा. दुसऱ्याने सांगितलं, ते जुनं झालं, हल्ली सगळे सेक्शन आठची कंपनी काढतात, म्हणजे नफा वाटून न घेणारी, समाजकामासाठीची कंपनी. त्यांच्यातला एक शेवटी म्हणाला, "भाऊ, आते काय करानं?"

मी वकील नाही, सीएही नाही. दोन धर्मादाय संस्था आणि एक सेक्शन आठ कंपनी यांची दप्तरं सांभाळली आहेत, एवढंच भांडवल. खर्च किती आणि दिवस किती, हे सगळेच विचारतात. मी मुलांना उलटं विचारलं: उद्या तुमच्यात फाटलं तर कुणापुढे उभं राहणार? आपल्या भागात संस्था पैशावाचून मरताना मी फार पाहिल्या नाहीत. भाऊबंदकीने मेलेल्या मात्र मोजून दाखवतो. म्हणून दोन्ही वाटांची तुलना करताना मी आधी वर कोण बसलंय ते बघतो.

आपल्या देशाला एकच असा धर्मादाय नियामक नाही. धर्मादाय संस्था हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे राज्याराज्यांत तऱ्हा वेगळी. रावेर ओलांडून बऱ्हाणपूरला गेलात किंवा शिरपूरवरून सेंधव्याला, की मध्य प्रदेशचा १९५१ चा कायदा लागतो आणि तिथे सार्वजनिक न्यासांचा निबंधक म्हणजे जिल्हाधिकारी. आपल्याकडे १९५० चा कायदा. नावात पूर्वी मुंबई होतं, आता महाराष्ट्र आहे: महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम. वर धर्मादाय आयुक्त मुंबईला, त्यांच्याखाली सह आयुक्त, आपल्या खानदेशासाठी ते नाशिकला, आणि त्याखाली उप व सहायक आयुक्त. आपण जळगाव-धुळ्याला ज्यांच्या दालनाबाहेर बाकावर बसतो ते हे खालचे. सगळं खातं राज्याच्या विधी व न्याय विभागाचं आणि सर्वांत वरची खुर्ची जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या माणसाची.

ही न्यायाधीशाची खुर्ची आहे हे कार्यालयात पाऊल टाकताच कळतं. काळे कोट, पुकारा, वकीलपत्र, कोर्ट फी स्टॅम्प, पुढची तारीख. नोंदणीचा अर्जसुद्धा नुसता शिक्का मारून मिळत नाही. कलम १९ खाली चौकशी होते, मग आदेश होतो, मग नंबर पडतो. मुलांना वाटतं ही दिरंगाई. थोडी आहेच. पण ज्या खात्याकडे कागद तपासून आदेश काढायचा अधिकार आहे, त्याच खात्याच्या वरच्या खुर्चीकडे उद्या तुमच्या अध्यक्षाला हटवायचाही अधिकार आहे. कलम ४१ डी खाली विश्वस्ताला निलंबित करता येतं, काढता येतं. ४१ ए खाली कारभाराबाबत निर्देश देता येतात. अगदीच बिनसलं तर संस्था कशी चालवायची याची योजना लावून नवे विश्वस्त बसवता येतात, मधल्या काळात कारभार बघायला 'फिट पर्सन' नेमतात. एखादा अध्यक्ष संस्थेचं कपाट घरी घेऊन गेला, तर गावातल्या साध्या सभासदाला एसटीने जिल्ह्याला, फार तर नाशिकला, जाऊन हे सगळं मागता येतं.

आता दुसरी बाजू. सेक्शन आठची कंपनी म्हणजे २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम ८, जुन्या १९५६ च्या कायद्यात हेच कलम २५ होतं. इथे वर केंद्राचं कंपनी व्यवहार मंत्रालय, त्याखाली प्रादेशिक संचालक, त्याखाली कंपनी रजिस्ट्रार. नोंदणीचा अर्ज तर हरियाणात मानेसरच्या केंद्रीय कार्यालयात तपासला जातो. यातला एकही माणूस तुम्हाला दिसणार नाही. डिजिटल सही घ्या, फॉर्म भरा, फी भरा, प्रमाणपत्र ईमेलवर. दोन संचालक असले तरी पुरतं. चौकशी नाही, बाक नाही, तारीख नाही. पोरांचे डोळे इथेच चमकले.

मी त्यांना थांबवलं. तो रजिस्ट्रार न्यायाधीश नाही. तो कॅलेंडर घेऊन बसलेला माणूस आहे. दरवर्षी ताळेबंदाचा एक फॉर्म आणि वार्षिक विवरणाचा एक, दोन्ही मुदतीत गेले पाहिजेत. उशीर झाला तर दर फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा फी. आमच्या कंपनीचे हे दोन फॉर्म एका वर्षी १४० दिवस राहून गेले. दोष आमचाच, लग्नसराईत कुणी लक्ष दिलं नाही. २८,००० रुपये भरले. त्या वर्षी संस्थेने मुलींच्या सायकलींसाठी जमवलेले पैसे त्याहून थोडेच जास्त होते. सलग तीन वर्षं विवरणं राहिली तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र, आणि कलम ८ च्या अटी मोडल्या तर कंपनीला दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. या कॅलेंडरवाल्याला तुमची अभ्यासिका चोपड्याची की चेन्नईची, याच्याशी देणंघेणं नाही.

आणि भांडण झालं तर? रजिस्ट्रार ते ऐकत नाही. कारभारात अन्याय होतोय म्हणून दाद मागायची तर राष्ट्रीय कंपनी न्यायाधिकरण, मुंबई. तिथेही भागभांडवल नसलेल्या कंपनीत साधारणपणे एक पंचमांश सभासद एकत्र हवेत. भुसावळहून रात्रीची गाडी पकडायची, दादरला उतरायचं, वकिलाची फी ऐकायची आणि परत यायचं. दोनदा गेलं की माणूस म्हणतो, घ्या बाबा तुम्हीच संस्था.

धर्मादायच्या वाटेची कागदी बाजू मी लपवत नाही. उलट तीच जास्त छळते, आणि तिचं नाव 'चेंज रिपोर्ट'. विश्वस्त बदलला, वारला, निवडणूक झाली, पत्ता बदलला, जमीन घेतली, तर ९० दिवसांत कळवायचं, कलम २२. २०१७ च्या दुरुस्तीने तात्पुरती मंजुरी लवकर मिळायची सोय झाली, पण हरकत आली की तेच पुराव्याचं आणि उलटतपासणीचं चक्र.

माझ्या एका संस्थेचं दप्तर आप्पांच्या घरी लाल फडक्यात बांधलेलं होतं. बँकेने शेड्यूल वन मागितला, म्हणजे नोंदवहीचा उतारा, तो काढला तर सात विश्वस्तांपैकी चार जण वारलेले. उरलेल्या तिघांत एक सुरतेला. चार निवडणुका झाल्या होत्या, एकीचाही चेंज रिपोर्ट नव्हता. मग ओळीने चारही करावे लागले, कारण मधली कडी सोडून शेवटची नोंद होत नाही. प्रोसिडिंग बुकात एका सभेच्या पानावर चहा सांडून सह्या पसरल्या होत्या. समोरच्या वकिलाने त्या पानावर अर्धा तास घेतला. आप्पांचा पुतण्याच हरकतदार. साडेचार वर्षं गेली. तेवढ्या काळात बँकेचं खातं जुन्या सहीवर गोठून राहिलं. यात कार्यालयाचा दोष किती आणि आमचा किती, हे मी प्रामाणिकपणे मोजलं तर तीन वर्षं आमची निघतात.

मालमत्ता असेल तर फरक आणखी जाणवतो. धर्मादायला नोंदलेल्या संस्थेची जमीन विकायची, बदलायची, बक्षीस द्यायची तर आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, कलम ३६. भाडेपट्ट्यालाही मर्यादा आहे: शेतजमीन दहा वर्षांवर आणि बिनशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांवर द्यायची तर आधी विचारा. देवस्थानाची वीस एकर काळी माती एखाद्या विश्वस्ताच्या व्याह्याला केळीसाठी नव्व्याण्णव वर्षांच्या कराराने जाऊ नये, म्हणून हे कलम. पैशालाही कुंपण आहे. ठेवी कुठे ठेवायच्या हे कलम ३५ सांगतं आणि गावातली पतसंस्था त्यात आपोआप बसत नाही. जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांत ठेवी अडकलेली कुटुंबं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे कुंपण जाच वाटत नाही. कंपनीच्या जमिनीला अशी दरवेळची परवानगी सहसा आड येत नाही. संचालक प्रामाणिक असतील तर ही सोय, नसतील तर विचार करा.

देणग्यांच्या बाबतीत दोघं जवळपास सारखे. आयकराची १२ ए (संस्थेला करमाफी) आणि ८० जी (देणगीदाराला करसवलत) म्हणून ओळखली जाणारी नोंदणी दोघांनाही वेगळी घ्यावी लागते, सीएसआरचा, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी समाजकामासाठी काढलेला पैसा हवा तर सीएसआर-१ फॉर्मही दोघांना. मोठ्या कंपन्यांच्या सीएसआरवाल्यांना कंपनीचे कागद ओळखीचे वाटतात, कारण ते स्वतः तेच भरतात. उलट आपल्याकडचा व्यापारी, बागायतदार, आडत्या विचारतो, "धर्मादायचा नंबर पडला का?" त्या नंबरापुढचं अक्षर बघायचीही काहींना सवय आहे: एफ असेल तर १८६० च्या सोसायटी कायद्याखालची संस्था, ई असेल तर नुसता ट्रस्ट. सोसायटीला किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात तिची नोंद दोन्ही कायद्यांखाली एकाच कार्यालयात होते. वाचनालयाला पुढेमागे शासनाचं अनुदान घ्यायचं असेल तर ही दुहेरी नोंद हाताशी असलेली बरी. जिभाऊंना कलम ८ समजावण्यापेक्षा एफ नंबर दाखवणं सोपं, हेही आहेच.

मुलांपैकी एकाचा मामा लंडनला असतो. त्याचा फोन आला होता म्हणे, "तिकडे चॅरिटी कमिशन कसं आहे ते बघा." बघितलं. इंग्लंड आणि वेल्सचं ते कमिशन १८५३ पासूनचं. वर एक मंडळ, मंडळाचा अध्यक्ष मंत्री नेमतो आणि नेमणुकीआधी संसदेची समिती त्याला समोर बसवून प्रश्न विचारते. रोजचा कारभार वेगळा मुख्य कार्यकारी अधिकारी बघतो. धोरण एकाचं, दप्तर दुसऱ्याचं. आपल्याकडे न्याय, नोंदणी, देखरेख, सगळं एकाच खुर्चीच्या उतरंडीत. त्या खुर्चीवरचा अधिकारी बदलला की कामाची गतीही बदलते, हे मी तीन बदल्यांत पाहिलंय. एक साहेब जुन्या फायलींच्या मागे लागणारा, एक नव्या नोंदण्या झपाट्याने उरकणारा. मामाचं बरोबर आहे, मंडळ असतं तर बरं झालं असतं. पण नोंदणी जळगावला करायची आहे, लंडनला नाही.

तर मी काय सांगितलं? तुम्ही दोघं-तिघंच असाल, एकमेकांवर पूर्ण भरवसा असेल, पैसा मुख्यतः मुंबई-पुण्याच्या सीएसआरमधून येणार असेल आणि वर्षाला सीएची फी द्यायची ऐपत असेल, तर कंपनी काढा. काम तीन राज्यांत पसरणार असेल तर नक्कीच काढा. पण गावाची खोली, गावाचा पैसा, सभासद गावातले, आणि पुढे ग्रामपंचायत निवडणुकीत याच सहा जणांपैकी दोघं समोरासमोर उभे राहायची शक्यता असेल, तर धर्मादाय. तिथे उशीर होईल, पण ऐकून घेणारा माणूस एसटीच्या अंतरावर असेल.

त्यांच्यातले दोघं एकमेकांकडे बघून हसले, म्हणजे शक्यता होतीच.

मग बसून संस्थेची घटना लिहायला घेतली. कार्यकारिणीची मुदत पाच वर्षं ठेवत होते, मी तीन करायला लावली. दप्तर कुणाच्याही घरी राहणार नाही, अभ्यासिकेच्या कपाटात राहील आणि किल्ल्या दोन, हे कलम त्यांनी स्वतः घातलं. चेंज रिपोर्टची तारीख सभेच्या अजेंड्यावर छापायची, हे मी घातलं. चहा दूरच्या टेबलावर ठेवायचं ठरलं.

अडकलंय ते सातव्या नावापाशी. सहा आहेत, सोसायटीला सात हवेत. सातवा पुण्याला चाकणच्या कारखान्यात आहे, त्याला रजा मिळत नाही. बहिणीला घ्या म्हटलं तर सगळे गप्प झाले, मग त्यांच्यातला सर्वांत लहान म्हणाला, "ताई बी.एड. झालीय, अभ्यासिका तीच चालवणार आहे. तिचं नाव पहिलंच टाकायला हवं होतं." नाव टाकलं. आता तिच्या आधार कार्डावरचं आडनाव सासरचं की माहेरचं ठेवायचं, यावर घरी चर्चा चालू आहे.