घरात एक कुत्री आहे, दुसरी आणायची का? मुंबईतल्या फ्लॅटपुरता विचार

आमची चिंगी रोज संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात आडवी पडते. आत कुकर, बाहेर हॉल, आणि दोन्हींकडे लक्ष ठेवता येईल अशी तिची ती जागा. मैना घरी आली त्याला आठ महिने झाले होते, तेव्हा दोघींचं पहिलं खरं भांडण ह्याच दारात झालं. मैनाला पाणी प्यायला आत जायचं होतं, चिंगीला उठायचं नव्हतं. चिंगी गुरगुरलीही नाही. मान न हलवता तिने नुसती नजर रोखली, मैना जागच्या जागी ताठ झाली, आणि पुढच्या क्षणाला दोघींनी एकमेकींचे कान धरले होते.

गावच्या अंगणात हे झालं असतं तर मैना गोठ्यामागून वळसा घालून गेली असती. गोरेगावच्या आमच्या साडेपाचशे फुटांच्या घरात वळसा घालायला जागा नाही. म्हणून दुसरी कुत्री आणू का, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते: दोघींचं बिनसलं तर माघार घेणारी तुमच्या घरात जाणार कुठे? बंद होणारं दार असलेली दुसरी खोली आहे का, आणि ती महिनाभर एका कुत्रीसाठी सोडता येईल का? वन रूम किचनमध्ये सासू-सासरे, दहावीतला मुलगा आणि एक कुत्री आधीच असेल, तर दुसऱ्या मादीचा विचार सध्या बाजूला ठेवा असंच मी सांगेन.

"ती एकटी पडते" हे कारण

बहुतेक घरांत दुसरीचा विषय इथूनच निघतो. आपण सकाळी आठला घर सोडतो, परत येईपर्यंत रात्रीचे आठ वाजतात, आणि ती दिवसभर दाराकडे बघत बसते. पण ती वाट बघते तुमची. माणूस गेल्यावर रडणाऱ्या, दार ओरबाडणाऱ्या कुत्रीला सोबत म्हणून दुसरी आणली तर बऱ्याचदा एवढंच होतं की एक रडते आणि दुसरी ते शिकते. अशा घराने आधी दुपारी कुणीतरी येऊन तिला फिरवून आणेल अशी सोय करून बघावी. खर्च दुसऱ्या कुत्रीपेक्षा कमी आहे आणि जमलं नाही तर थांबवता येतं.

दुसरी आणण्याचं चांगलं कारण वेगळं दिसतं. खाली फिरायला नेल्यावर तुमची कुत्री दुसऱ्या कुत्र्यांशी अंग सैल सोडून खेळते, तिच्या ओळखीची एखादी मादी घरात आली तरी तिला चालतं, खाण्याच्या वाटीपाशी ती कुणाला हटकत नाही. हे सगळं असेल तर पुढचं वाचा.

मादी की नर

खरी तुलना इथे आहे. माझ्या नणंदेकडे मुलुंडला बिजली नावाची लॅब्रॅडॉर आणि टिपू नावाचा गावठी नर आहे. आमच्याकडे चिंगी आणि मैना, दोघीही गावठी. दोन्ही घरांत मी पुरेशी राहिले आहे, त्यामुळे फरक जवळून बघितला आहे.

टिपू आला त्या आठवड्यातच बिजलीने त्याला दोनदा खडसावलं. त्याने मान फिरवली आणि विषय संपला. आजही ती सोफ्यावर आली की तो खाली उतरतो. मादी आणि नसबंदी केलेला नर ही जोडी साधारणपणे सर्वांत सोपी, असं कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारेही सांगतात. एका घरातल्या कुत्र्यांची गंभीर भांडणं जास्त करून एकाच लिंगाच्या जोडीत होतात, आणि दोन माद्यांचं एकदा फाटलं की सांधायला जड जातं. नर बहुतेक वेळा आवाज जास्त करतात. माद्यांच्या भांडणात आवाज कमी आणि जखमा जास्त, हे मी चिंगीच्या कानाला पडलेल्या टाक्यांवरून सांगते.

पण नराचीही बाजू आहे. तो प्रत्येक खांबाला, पार्किंगमधल्या प्रत्येक गाडीच्या चाकाला तंगडी वर करतो, आणि सोसायटीतल्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. नसबंदी लवकर झाली तर ही सवय कमी होते, पूर्ण जाईलच असं नाही. आणि घरातल्या मादीचं ऑपरेशन झालेलं नसेल तर ती माजावर आल्यावर दोन-तीन आठवडे दोघांना एका फ्लॅटमध्ये वेगळं ठेवणं जवळपास अशक्य असतं. तो जेवत नाही, रात्रभर रडतो, आणि एक दार पाच मिनिटं उघडं राहिलं तर साधारण ६३ दिवसांनी घरात पिल्लं असतात. नराची नसबंदी कालच झाली म्हणून निर्धास्त राहू नका, त्यानंतरही काही आठवडे तो पिल्लं देऊ शकतो.

दोन माद्यांचं सुरेख जमलेली घरंही मला माहीत आहेत. बोरिवलीच्या माझ्या मैत्रिणीकडे दोघी एकाच गादीवर झोपतात. तिच्याकडे पहिली सात वर्षांची आणि शांत, दुसरी तिच्याहून बरीच लहान आणि मुळातच दबून राहणारी. दोघींचे स्वभाव एकमेकींना पूरक आहेत. दोघी सारख्याच वयाच्या, सारख्याच ताकदीच्या, दोघींनाही घर आपलंच वाटणाऱ्या असल्या तर मात्र सांभाळा. एकाच वेतातल्या दोन बहिणी एकत्र आणण्याचा मोह तर टाळाच. त्या एकमेकींतच गुंततात, माणसाचं ऐकायला शिकत नाहीत, आणि मोठ्या झाल्यावर भिडल्या की कोण मागे हटणार हे ठरलेलं नसतं.

पिल्लू की मोठी

लोक पिल्लू आणतात, कारण "लहानपणापासून एकत्र वाढल्या की जमेल" असं वाटतं. चार-पाच महिन्यांपर्यंत मोठी कुत्री पिल्लाचं बरंच चालवून घेते, शेपटी ओढू देते, अंगावर चढू देते. त्यामुळे पहिल्या महिन्यात काढलेले फोटो खोटे नसतात, अपुरे असतात. मादीचा पक्का स्वभाव दिसतो तो दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान, आणि मोठी भांडणंही तेव्हाच सुरू होतात. बऱ्याचदा आधी कुरापत काढणारी नवीन आलेली, तरुण असते. लोक मात्र ओरडतात जुनीवर, कारण ती मोठी, तिने समजून घ्यावं. आम्हीही तेच केलं आणि आठवडाभर चिंगी पलंगाखालून बाहेर आली नाही.

पिल्लाची दुसरी अडचण मुंबईची आहे. लसींचा पहिला कोर्स पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत, त्याला रस्त्यावर सोडता येत नाही. पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या विषाणूच्या आजाराची भीती असते. म्हणजे शी-शू घरात, रात्री दर दोन-तीन तासांनी उठणं, आणि त्याच वेळी मोठीला वेळेवर खाली नेणं. घरात एकच माणूस हे सगळं करणार असेल तर त्याने दोन महिने झोपेचा विचार सोडावा. पहिली नऊ-दहा वर्षांची असेल, सांधे दुखत असतील, तर तिच्या अंगावर पिल्लू आणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

मोठी कुत्री घेतली तर तिचा स्वभाव आधीच कळतो. मैना आमच्याकडे आली तेव्हा दहा महिन्यांची होती, एका फॉस्टर घरातून, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत कुत्री तात्पुरती सांभाळणाऱ्यांकडून. तिच्या कानाला इंग्रजी व्हीसारखी खाच होती. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी झाली की खूण म्हणून कानाचा तेवढा तुकडा काढतात, त्यामुळे तिच्या ऑपरेशनचा प्रश्न उरला नव्हता. मुंबईत अशा कितीतरी माद्या घर शोधत आहेत. मला विचाराल तर, दुसरी मादीच हवी असेल तर दीड-दोन वर्षांच्या पुढची, नसबंदी झालेली, आणि दुसऱ्या कुत्र्यांसोबत फॉस्टरमध्ये राहिलेली बघा. आम्ही मैनाला आठ महिने लवकर आणलं. दीड वर्षांची झाल्यावर ती कशी असेल हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

ऑपरेशन कुणाचं, कधी

दोघींचंही. ह्यात मला दुसरं मत पटत नाही. मादी वर्षातून साधारण दोनदा माजावर येते. दोघी असल्या की त्या दिवसांत एकमेकींना सहन होत नाहीत. नंतरही संपत नाही. माजानंतर साधारण दोन महिन्यांनी काही माद्यांना खोटं गर्भारपण येतं: सडांना दूध उतरतं, त्या एखादा मोजा किंवा खेळणं पिल्लासारखं जवळ घेऊन बसतात आणि त्याच्याजवळ कुणाला येऊ देत नाहीत. एका खोलीत दुसरी मादी असताना तो मोजा भांडणाचं कारण ठरतो. शिवाय ऑपरेशन न झालेल्या वयस्क मादीच्या गर्भाशयात पू होऊ शकतो. पायोमेट्रा म्हणतात त्याला. ती तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ असते आणि उशीर जिवावर बेततो.

ऑपरेशनने माजाची आणि खोट्या गर्भारपणाची भांडणं जातात. वाटीवरची, जागेवरची, भीतीतून होणारी भांडणं त्याने जात नाहीत.

सोसायटी, परवाना, पैसे

हे थोडक्यात, कारण ह्यातलं बहुतेक सोडवता येतं. सोसायटीला प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे. पण दोन कुत्र्या घेऊन लिफ्टमध्ये शिरताना आत शेजारच्या आजी असल्या तर पुढच्या फेरीची वाट बघा, त्याने सेक्रेटरीशी होणारे निम्मे वाद वाचतात. महापालिकेचा परवाना दोघींचा वेगवेगळा काढायचा, रेबीजच्या लसीचा दाखला जोडून.

आमच्याकडे दोघींचं मिळून महिन्याला सात-साडेसात हजार जातात: चिकन, तांदूळ, सुकं खाणं, गोचिडांचं औषध. आजारपण वेगळं. एकीला टिक फिव्हर, म्हणजे गोचिडांमुळे येणारा ताप झाला की दुसरीचंही रक्त तपासावं लागतं. पावसाळ्यात लेप्टोचा धोका. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती, ते अनेकांना आठवत असेल. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून तो कुत्र्यांना होतो आणि त्यांच्याकडून आपल्यालाही होऊ शकतो. वर्षाच्या लसीत लेप्टोचा भाग आहे ना, हे दोघींच्याही कार्डावर बघून घ्या. परळचं बैलघोडा हॉस्पिटल किंवा घराजवळचा दवाखाना, जो कुठला असेल, तिथे रात्री दोन वाजता दोन कुत्र्या घेऊन कसं जाणार हेही आधीच ठरवा.

एक खर्च कुणी मोजत नाही. गणपतीत गावी जाताना आमच्या शेजारणीने चिंगीला हौसेने ठेवून घेतलं होतं. दोघींना ठेवणारं कुणी मिळत नाही.

पहिला महिना

पहिली भेट घरात नको. दोन माणसं, दोन पट्टे, आणि एखादं मोठं मैदान किंवा सकाळचा रिकामा रस्ता. दोघींना दहा-पंधरा फूट अंतर ठेवून एकाच दिशेने चालवायचं, हळूहळू अंतर कमी करायचं. समोरासमोर आणून "हाय कर" म्हणायचं नाही. असं तीन-चार दिवस झाल्यावर दोघी एकत्रच चालत घरात शिराव्यात.

घरात आम्ही चूक केली ती दाराची. आता बेडरूमला जाळीचं सेफ्टी दार बसवलं आहे, घराच्या मुख्य दाराला असतं तसंच. त्यातून दोघी एकमेकींना बघतात, वास घेतात, पण दात पोचत नाहीत. जेवण जाळीच्या दोन बाजूंना. हाडं आणि चघळायच्या वस्तू एकत्र असताना अजिबात नाहीत. रविवारी बोंबील तळायला घेतले की एक आत, एक बाहेर. पाण्याच्या वाट्या दोन खोल्यांत दोन, म्हणजे त्या अरुंद दारातून कुणाला जावंच लागत नाही. बेल वाजली की दोघी दाराकडे धावतात आणि कुरियरवाल्यावरचा राग शेजारच्या कुत्रीवर निघतो, म्हणून पहिले काही महिने आम्ही बेलच बंद ठेवली होती.

भांडण लागलंच तर हात मध्ये घालू नका. मी घातला होता. मनगटाला दोन दात लागले, नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली आणि चिंगीची लस झालेली असूनही लगेच डॉक्टरांकडे गेले. आता हॉलमध्ये एक जाड गोधडी कायम हाताशी असते. दोघींच्या अंगावर ती टाकली की पकड सुटते, आणि मग एकीला जाळीआड न्यायचं. ओरडायचं नाही, ओरडण्याने त्या आणखी पेटतात.

आणखी एक गोष्ट दुसरी घरी येण्याआधी बोलून ठेवा, कारण नंतर ती बोलवत नाही. जमलंच नाही तर कोण जाणार आणि कुठे? फॉस्टर करणाऱ्यांना स्पष्ट विचारा की दोन-तीन आठवडे आधी ठेवून बघता येईल का, आणि नाही जमलं तर ते परत घेतील का. चांगले फॉस्टर ह्या प्रश्नाने दुखावत नाहीत, उलट विश्वास ठेवतात. आमच्या मैनाच्या ताईंनी तर स्वतःच सांगितलं होतं, वर्ष झालं तरी फोन करा. भांडणानंतरच्या रात्री मी तो फोन केला. त्या म्हणाल्या, आधी दार बसवा, मग एक महिना बघू. सेफ्टी दार बसलं त्याला आता दोन वर्षं झाली. दिवसा ते उघडंच असतं. आम्ही बाहेर पडताना मात्र अजूनही बंद करतो.