डाउनटाउन टोरंटोत एका बेडरूमचं घर: जुनी इमारत की नवा टॉवर?

गेल्या हिवाळ्यात भाची आणि जावई यांच्यासोबत मी डाउनटाउनमधली एका बेडरूमची घरं पाहत फिरले. शेवटी दोन घरं उरली. एक सेंट लॉरेन्स मार्केटपासून पाच मिनिटांवर, ऐंशीच्या दशकातल्या इमारतीत, नवव्या मजल्यावर. दुसरं किंग आणि स्पडायनाच्या चौकाजवळ, चार वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये, एकतिसाव्या मजल्यावर, खिडकीत थेट सीएन टॉवर. दोन्हींची मागणी साडेपाच लाख डॉलरच्या आसपास. अशाच पेचात असलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी एक हिशेब, कारण तो दोन्ही घरांना सारखाच लागतो. टोरंटो शहरात लँड ट्रान्सफर टॅक्स, म्हणजे घर नावावर होताना लागणारा कर, दोनदा भरावा लागतो, एकदा ऑन्टारियो प्रांताचा आणि एकदा शहराचा. साडेपाच लाखांवर प्रत्येकी 7,475, म्हणजे एकूण 14,950 डॉलर. पहिलं घर घेणाऱ्याला प्रांताकडून 4,000 आणि शहराकडून 4,475 पर्यंत सूट मिळते. पण 'पहिलं घर' म्हणजे जगातलं पहिलं घर! जावयांच्या नावावर नाशिकच्या फ्लॅटचा अर्धा हिस्सा आहे, वडिलांनी कौतुकाने घातलेला. तेवढ्याने दोघांची सूट गेली, कारण जोडीदाराच्या नावावर संसाराच्या काळात कुठेही घर असलं तर दुसऱ्यालाही ती मिळत नाही. आपल्याकडे पोरांची नावं घरावर घालायची पद्धत आहे, म्हणून हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. आणि पीआर, म्हणजे कॅनडात कायम राहायची परवानगी, हातात नसेल तर घाई करू नका. वर्क परमिटवर अटी पाळून घर घेता येतं, पण त्यावर प्रांताचा 25 टक्के आणि 2025 पासून शहराचा आणखी 10 टक्के कर बसतो.

आता घरं. जुनं 660 चौरस फूट, नवं 505. इथे एक समजून घ्या: महारेरामुळे आपल्याला कार्पेट एरियाची सवय झाली आहे, इथल्या काँडोचं, म्हणजे मालकीच्या फ्लॅटचं, माप मात्र बाहेरच्या भिंतीच्या बाहेरच्या अंगापासून आणि शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीच्या मध्यापासून धरतात. जाहिरातीत तर बहुधा '500 ते 599' एवढंच लिहिलेलं असतं. टेप घेऊन जा. आम्ही नेला होता. नव्या घरात डबल बेड टाकल्यावर कपाटाचं दार पूर्ण उघडेना. शिवाय त्या बेडरूमला खिडकीच नव्हती, काचेची सरकती दारं होती आणि उजेड हॉलमधून उसना. दिवसभर बाहेर असणाऱ्याला ते चालेलही. पण भाची आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते, आणि टोरंटोच्या जानेवारीत पाच-साडेपाचला अंधार पडतो. मला तरी ती खोली बघून गुदमरल्यासारखं झालं.

स्वयंपाकघराकडे मराठी घराने वेगळ्या नजरेने बघायला हवं. नव्या घरात हॉलच्याच एका भिंतीला ओटा, वर मायक्रोवेव्ह आणि त्याच्याच पोटात एक्झॉस्ट. मी तो चालू करून वरच्या जाळीपुढे हात धरला, तर वारा माझ्याच तोंडावर आला. म्हणजे हवा बाहेर जात नाही, गाळून परत घरात सोडली जाते. हिंग-मोहरीची फोडणी असो की सुकटाचं कालवण, वास सोफ्यात बसणार. जुन्या घरात ओटा लहान, कपाटं रंग उडालेली, पण स्वयंपाकघर स्वतंत्र आणि पंख्याची नळी भिंतीतून बाहेर गेलेली. कपाटं बदलता येतात. इमारतीत नसलेली नळी एकट्याने बसवता येत नाही.

लोक अडतात ते मेंटेनन्सपाशी. जुन्याचा महिना 690 डॉलर, नव्याचा 390. आकडा ऐकून जावई म्हणाले, ‘मावशी, इथेच विषय संपला.’ पण जुन्याच्या 690 मध्ये हीटिंग, पाणी आणि वीज तिन्ही होती, नव्यात वीज आणि हीटिंग-कूलिंगचं बिल वेगळं. ते धरल्यावर फरक बराच कमी होतो. दुसरं म्हणजे नव्या इमारतीचं पहिल्या वर्षाचं अंदाजपत्रक बिल्डर तयार करतो, आणि विक्रीच्या काळात मेंटेनन्स कमी दिसावा हे त्याच्या सोयीचं असतं. नंतर खरे खर्च समोर आले की हप्ता वाढतो. त्या टॉवरचा तीन वर्षांत दोनदा वाढला होता. जिम, जलतरण तलाव, गच्चीवरचा बार्बेक्यू हे सगळं त्याच पैशांतून चालतं.

जुन्या इमारतीचा धोका निराळा. आपल्या सोसायटीचा सिंकिंग फंड असतो तसा इथे रिझर्व्ह फंड. छत, खिडक्या, लिफ्ट, तळघरातलं पार्किंग यांच्या मोठ्या दुरुस्तीसाठी तो राखून ठेवावा लागतो, आणि दर तीन वर्षांनी त्याचा अभ्यास नव्याने करावा लागतो. फंड कमी पडला तर प्रत्येक घरावर विशेष वर्गणी बसते, तीही हजारोंच्या घरात असू शकते. म्हणूनच घराच्या फोटोंपेक्षा स्टेटस सर्टिफिकेट, म्हणजे इमारतीच्या सोसायटीने दिलेली लेखी माहिती, महत्त्वाचं. ते जास्तीत जास्त 100 डॉलरमध्ये आणि मागितल्यापासून 10 दिवसांत द्यावंच लागतं. त्यात फंडातली रक्कम, चालू असलेले दावे, येऊ घातलेल्या वर्गण्या, कुत्र्यांबद्दलचे नियम, सगळं असतं. बिल्डरकडून नवं घर घेताना करार मोडायला 10 दिवस मिळतात. जुन्या मालकाकडून घेताना एकही दिवस मिळत नाही, म्हणून ‘सर्टिफिकेट वकिलाने पाहून मान्य केलं तरच’ ही अट ऑफरमध्ये घालूनच घ्या. एजंट घाई करेल, तरी घाला.

1995 ते 2007 या काळातली इमारत असेल तर किटेक नावाच्या पाइपबद्दल विचारा. नारिंगी आणि निळ्या रंगाचे हे पाइप पितळी जोडाशी खराब होऊन फुटतात, आणि बदलायचे तर भिंती फोडाव्या लागतात. आमचं जुनं घर त्याआधीचं, तरी मध्ये झालेल्या नूतनीकरणात ते आले नाहीत ना, हे सिंकखाली टॉर्च मारून पाहिलं.

जुन्याची एक खरी अडचण मात्र सांगितलीच पाहिजे. तिथे हीटिंग आणि कूलिंगला एकच पाइपची जोडी, त्यामुळे साऱ्या इमारतीचं यंत्र वर्षातून दोनदा, एकदा हीटिंगवरून कूलिंगवर आणि एकदा उलट, वळवतात. मेमध्ये अचानक 28 अंश झालं आणि बदल व्हायचा असला तर खिडकी उघडून बसायचं. नव्यात हवं तेव्हा हवं ते.

पुढे भाड्याने द्यायचं असेल तर पारडं नव्याकडे झुकतं. 15 नोव्हेंबर 2018 नंतर पहिल्यांदा राहायला आलेल्या घरांना भाडेवाढीची सरकारी मर्यादा लागू नाही, जुन्यांना आहे, 2026 साठी ती 2.1 टक्के. पण अशी छोटी घरं गुंतवणूकदारांनी इतकी घेऊन ठेवली आहेत की विकताना तुमच्याच मजल्यावरची चार घरं स्पर्धेला उभी असतात. फक्त गुंतवणूक म्हणून 500 फुटांचं घर मी आज कोणालाही सुचवणार नाही.

जाण्यायेण्यात फार फरक नाही. दोन्हीकडून युनियन स्टेशन चालत, तिथून विमानतळाची गाडी 25 मिनिटांत. जेरार्डच्या इंडिया बाजारला जायला 506 नंबरची ट्राम, कढीपत्ता आणि पोह्यांची सोय झाली. आठवड्याची भाजी मात्र सेंट लॉरेन्सला घराखालीच.

राहायचंच असेल, निदान पाच-सात वर्षं, तर मी जुनं घेईन, फंड भक्कम असेल तर. दोघांनीही त्यावरच अट घालून ऑफर दिली. सर्टिफिकेट आठव्या दिवशी आलं. वकीलबाईंनी फोनवर आधी फंडाची रक्कम सांगितली, मग 2029 मध्ये खिडक्या बदलायच्या आहेत हे सांगितलं, आणि त्याचे पैसे आराखड्यात आधीच धरलेले आहेत, हेही. जावयांनी तिथेच वही मिटली आणि मला विचारलं, कपाटांना रंग कुठला द्यायचा.