1/72 फारमन गोलियाथचं किट: घ्यावं का, आणि मुंबईच्या हवेत जोडावं कसं

फारमन गोलियाथ हे जुनं फ्रेंच बायप्लेन, म्हणजे एकावर एक दोन पंखांचं विमान; हे किट त्याच्या 1/72 मापाच्या मॉडेलचं. एखादं बायप्लेन पंखांमधल्या तारांसकट पुरं केलं असेल तर हे किट जरूर घ्या. पहिलंच बायप्लेन असेल तर आधी एखादं छोटं लढाऊ विमान करून हात बसवा. पूर्व युरोपातल्या एका छोट्या उत्पादकाचं, कमी संख्येने काढलेलं हे किट आहे. अशा किटांत भागांना जुळणीच्या खुंट्या नसतात, फ्रेमपासून तोडायच्या जागा जाड असतात आणि सूचनापत्रक 'हे तिथे लावा' एवढंच सांगतं. मुंबईतल्या छंदाच्या दुकानांत बहुतेक रिमोटवाल्या गाड्या आणि ड्रोन असतात, त्यामुळे हे बाहेरून मागवावं लागतं. किमतीवर कुरिअर आणि कस्टम्स मिळून बरीच भर पडते, ती आधीच धरून चाला.

सर्वांत चांगलं जमलंय ते धड. खऱ्या गोलियाथचा जन्म 1918 मध्ये जड बॉम्बफेकी विमान म्हणून झाला. युद्ध संपलं आणि त्याच सपाट भिंतींच्या, चौकोनी धडात प्रवाशांच्या खुर्च्या आल्या. पुढच्या काचेच्या नाकात चौघं, मागच्या खोलीत आठ जणं आणि दोन्हींच्या मध्ये उंचावर, उघड्या हवेत वैमानिक आणि मेकॅनिक. म्हणजे भाडं भरणारे आत, चालवणारे वाऱ्यात! किटमध्ये ही मांडणी बरोबर उतरली आहे. वेताच्या खुर्च्या बारा दिल्या आहेत, पण वीण अगदी पुसट आहे. मागच्या आठ खुर्च्यांवर वेळ घालवू नका, खिडक्यांतून त्यांची पाठसुद्धा धड दिसत नाही. नाकातल्या चार मात्र समोरून स्वच्छ दिसतात. त्यांना गडद तपकिरी धुवण (पातळ रंगाचा हात) देऊन वर फिकट ड्रायब्रश करा, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग फिरवा.

काचा बसवताना सुपरग्लू वापरलात तर किट वाया गेलं म्हणून समजा. त्याची वाफ हवेतल्या ओलाव्याशी मिळून काचेवर पांढरी बुरशीसारखी साय धरते आणि आपल्याकडे ओलावा कधी नसतो? पांढरा लाकडाचा गोंद टोकदार काडीने लावा, रात्रभर सुकू द्या. सांडला तर ओल्या कापसाने निघतो. नाकाची काच दोन तुकड्यांत आहे. मधला सांधा आधी 1000 नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून सपाट करा, नंतर चिकटवा. शेवटी पातळ पारदर्शक ॲक्रिलिकमध्ये बुडवलं की ओरखडे लपतात.

इंजिनांपाशी उत्पादक घसरला आहे. गोलियाथवर दोन सालम्सन इंजिनं होती, प्रत्येकी 260 अश्वशक्तीची. नऊ सिलिंडर ताऱ्यासारखे मांडलेले, पण थंड व्हायची ती पाण्याने. चक्राकार इंजिन म्हणजे हवेने थंड होणारं, हा समज इतका पक्का आहे की अनेक जण रेडिएटरचा भाग फालतू समजून फ्रेमवरच सोडतात. इथे तो भाग दिला आहे, पण जाळीच्या जागी नुसत्या आडव्या रेघा आहेत. पितळी बारीक जाळीची गोल चकती कापून वर लावा. चहाच्या जुन्या गाळणीची जाळी चालते, फक्त ती फार दाट नको.

आता पंख. विस्तार 26.5 मीटर, म्हणजे मॉडेलवर जवळजवळ 37 सेंटिमीटर. लांबी 14.33 मीटर, म्हणजे 20 सेंटिमीटरला किंचित कमी. पंखांचा आकार सरळ आयताकृती, टोकाकडे निमुळता न होणारा. असे पंख बनवायला सोपे, म्हणून खऱ्या विमानाला ते परवडले. मॉडेलला मात्र ते महाग पडतात, कारण इतक्या सरळ रेषेत एक मिलिमीटरचा बाकसुद्धा डोळ्यात खुपतो. किटमध्ये वरचा पंख दोन अर्ध्यांत येतो आणि मधला सांधा नुसता टोकाला टोक लावून जुळवायचा आहे. असा सोडला तर काही महिन्यांत तो मधोमध लवणारच. दोन्ही अर्ध्यांत प्रत्येकी 15 मिलिमीटर खोल दोन भोकं पाडा आणि 1 मिलिमीटरच्या पितळी सळईचे तुकडे घाला. सळई आणि बारीक ड्रिल दोन्ही नागदेवी स्ट्रीटला मिळतात. वाकलेला अर्धा भाग हाताला सोसेल त्याहून थोड्या जास्त गरम पाण्यात मिनिटभर धरा, सपाट लादीवर दाबा, लगेच गार पाण्यात टाका. उकळतं पाणी नको, बरगड्यांची नक्षी वितळते. ती नक्षी तशीही अतिरेकी ठळक आहे. 600 नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने निम्मी घासून टाकली तर कापड ताणून बसवल्यासारखं दिसतं.

जुळणीचा क्रम पत्रकात उलटा आहे. ते आधी धड रंगवून मग पंख लावायला सांगतं. त्याऐवजी धड आणि खालचा पंख, त्यावर इंजिनांची घरं, त्यांच्याखाली चाकांच्या जोड्या, एवढं आधी घट्ट करा. मग 5 मिलिमीटर सनबोर्डचे (फोमच्या पुठ्ठ्याचे) चार आधार पंखांमधल्या खांबांच्या लांबीइतके कापून दोन्ही पंखांमध्ये उभे करा. वरचा पंख त्यावर नुसता ठेवून, समोरून आणि वरून बघून, एकेक खांब मधून बाहेरच्या दिशेने लावत जा. गोंद पूर्ण सुकेपर्यंत आधार काढू नका. नाकात वजन भरायची गरज नाही. हे विमान शेपटीच्या दांडीवरच टेकतं.

तारा पन्नासहून जास्त आहेत आणि इथे मुंबईचा प्रश्न खरा उभा राहतो. अनेक जण ससून डॉककडून बारीक तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, आणतात. मे महिन्यात तो छान ताठ बसतो. जुलैत नायलॉन ओलावा शोषतं, लांबतं आणि सगळ्या तारा लोंबायला लागतात. मोटर वाइंडिंगची 40 नंबरची तांब्याची तार घ्या. ती 0.12 मिलिमीटर जाड असते, म्हणजे खऱ्या मापात साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. डोळे आणि हात साथ देत असतील तर 44 नंबर, 0.08 मिलिमीटर, जास्त शोभते. सहा मीटर पुरते. एक टोक पकडीत धरून हळूच ओढलं की तार सरळ होते. 0.3 मिलिमीटरची भोकं पंख वेगळे असतानाच पाडून ठेवा. नंतर ड्रिल तिरपं जातं आणि खांब सुटतो.

रंगाबद्दल एवढंच: पावसाळ्यात लॅकर फवारू नका. थिनर पटकन उडतो, पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी बसतं आणि रंग पांढरट पडतो. वाट पाहणं जमत नसेल तर सावकाश उडणारा रिटार्डर मिसळा किंवा ॲक्रिलिक ब्रशने लावा.

डेकलमध्ये (पाण्यात भिजवून मॉडेलवर उतरवायच्या खुणांमध्ये) दोन पर्याय आहेत. दुसरा एअर युनियनचा, 1923 मध्ये दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातून झालेल्या कंपनीचा. पहिला आहे ग्रां एक्सप्रेस एरियन कंपनीचं एफ-जीईएडी नोंदणीचं गोलियाथ. पॅरिस-लंडन मार्गावरचं हेच विमान 7 एप्रिल 1922 रोजी धुक्यात समोरून येणाऱ्या ब्रिटिश डी.एच.18 विमानावर आदळलं. दोन्ही वैमानिक खालचा एकच रस्ता धरून उडत होते. दोन्ही विमानांतले मिळून सातही जण गेले. प्रवासी विमानांची हवेतली ही पहिली टक्कर. पेटीवर किंवा पत्रकात याचा एका ओळीतही उल्लेख नाही, हे खटकतं. डेकल स्वतः पातळ आणि चांगले आहेत, पण पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवले तर दोन पावसाळ्यांत पिवळे पडतील. किट हाती आल्याबरोबर ते झिपच्या पिशवीत सिलिका जेलसह बंद करा.

'हे आपल्याकडे यायचं का?' असं कपाट बघणारा विचारतोच. गोलियाथ भारताच्या नियमित मार्गावर नव्हतं. त्या मार्गावर नंतर एअर फ्रान्सची तीन इंजिनांची देव्हातीन डी.338 विमानं आली. कराची, जोधपूर, अलाहाबाद, कलकत्ता असं करत ती इंडोचायनाकडे जायची, मुंबईला बगल देऊन. भारताशी नातं सांगणारं फ्रेंच विमान हवं असेल तर त्याचं किट शोधा. पंख एकच, तारांचा ताप नाही.

गोलियाथसाठी काचेची पेटी आतून किमान 42 बाय 25 सेंटिमीटर आणि 12 सेंटिमीटर उंच करून घ्या. मागच्या बाजूला सिलिका जेलच्या पुडीला खाच ठेवायला सांगा. जून ते सप्टेंबर ती पुडी महिन्यातून एकदा तव्यावर मंद आचेवर सुकवून परत ठेवता येते.