जेल रोडचा 'बॅन कार्टून' पेनड्राइव्ह: पैसे देण्याआधी लावून बघा

इंदूरच्या जेल रोडवर एका दुकानात हा पेनड्राइव्ह साडेतीनशेला देतात. आत वॉर्नर ब्रदर्सची 'सेन्सॉर्ड इलेव्हन' म्हणून ओळखली जाणारी अकरा कार्टून, 1931 ते 1944 मधली. 'भिया, सरकार ने बैन की है' असं काउंटरवर ठोकून देतात. तसं काही नाही. 1968 मध्ये तेव्हाचे हक्कदार युनायटेड आर्टिस्ट्स यांनीच ती टीव्हीसाठी देणं थांबवलं. कारण कृष्णवर्णीयांची टिंगल. इतर कार्टूनमधला तसा तुकडा कापता येई. या अकरांत अख्खं कार्टूनच टिंगलीवर उभं, कापून उरणार काय? तेव्हा 'बच्चों के लिए ले जाओ' हा सल्ला कानाआड करा.

फाइली अकराच्या अकरा आहेत, पण कुठून कुठून गोळा केलेल्या. 'मेरी मेलडीज' या मालिकेच्या कार्टूनच्या सुरुवातीची रंगीत वर्तुळं नीट बघा. अंडाकृती दिसली तर जुन्या चौकोनी टीव्हीचं 4:3 चित्र रुंद 16:9 मध्ये ताणलंय. टीव्हीवर प्रमाण 4:3 केलं की सुटला प्रश्न. गोलच आहेत पण वरखाली छाटलेली, तर चित्रच कापलंय, त्याला इलाज नाही. 'कोल ब्लॅक' (1943) नेमकं असंच निघतं. दिग्दर्शक बॉब क्लॅम्पेटची पात्रं ताणत चौकटीच्या कडेपर्यंत जातात आणि कात्री तिथेच लागलीये. या संचातलं सर्वांत जिवंत अ‍ॅनिमेशन असं वाया गेलंय.

काही फाइली पॅल (टीव्हीची एक जुनी पद्धत) कॉपीवरून घेतल्यात. सेकंदाला 24 ऐवजी 25 चित्रं, म्हणून सात मिनिटांचं कार्टून 6 मिनिटं 43 सेकंदांत आटपतं आणि आवाज चढतो. 'टिन पॅन अ‍ॅली कॅट्स'मधल्या जाझची यात पार वाट लागते. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग 0.96 करा, मात्र सेटिंगमधलं ऑडिओ टाइम-स्ट्रेचिंग (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) बंद केल्याशिवाय सूर खाली येत नाही. धावत्या पात्राच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसले तर कीबोर्डवरचं 'डी' दाबा, डीइंटरलेस (दाते मिटवणारी सोय) सुरू होतं.

धड म्हणावं असं एकच, दिग्दर्शक टेक्स एव्हरीचं 'ऑल धिस अँड रॅबिट स्ट्यू' (1941). कड्यावरच्या पोकळ ओंडक्याची गंमत पुढे 1946 च्या 'द बिग स्नूझ' या कार्टूनमध्ये पुन्हा वापरली. दोन्ही लागोपाठ लावून बघा. पण याचं कॉपीराइट नूतनीकरण झालंच नव्हतं, त्यामुळे हे नेटवर फुकट मिळतं. 2010 मध्ये हॉलिवूडच्या टीसीएम (जुन्या सिनेमांची अमेरिकन वाहिनी) महोत्सवात अकरापैकी आठ पडद्यावर झाली, म्हणजे दाखवण्याजोग्या प्रिंट आहेत; इथे त्यांचा मागमूस नाही.

ड्राइव्ह एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये आहे, जुना टीव्ही ते ओळखत नाही. फाइली लॅपटॉपवर उतरवून ड्राइव्ह फॅट32 मध्ये फॉरमॅट करा आणि फाइली परत टाका. शंभराच्या वर देऊ नका.